नळीतलं पाणी

ट्रक एका संस्थेचा. डिझेल दुसऱ्या संस्थेचं.
दगड टेकडीचे, आणि टेकडी कुणाची
यावर दोन्ही मुखियांनी अजून तोंड उघडलेलं नाही.
मी नोबिला. याटेंगाच्या या लाल पठारावर
अकरा वर्षं जांभा दगड वाहतोय.
मंगळवारी कूलसागा, गुरुवारी बासनेरे, शनिवारी पंक्चर.

गावाच्या तोंडाशी चार पाट्या,
प्रत्येकीवर हातात हात गुंफलेला.
पाट्या लावणारी माणसं मात्र एकमेकांना
पहिल्यांदा भेटली ती माझ्या ट्रकच्या सावलीत,
कारण दुपारी सावली तेवढीच होती.

कूलसागानं गेल्या साली दगडांच्या रांगा घातल्या
हद्दीपर्यंत.
पुढचं ज्याचं तो बघेल.
पाण्याला हद्द कळत नाही असं म्हणतात.
खोटं आहे. फार चांगली कळते.
रांग जिथे संपली, नेमकं तिथूनच ते शिरलं
आणि बासनेरेत, तेनेच्या ज्वारीमधून
उभा माणूस मावेल अशी घळ पाडून गेलं.

तेने बैठकीला आली. शिव्या नाहीत, रडणं नाही.
डोक्यावरचं घमेलं उतरवलं,
घळीच्या तळाची माती चटईवर ओतली.
"वरून आलेली आहे. आपापली ओळखा
आणि घेऊन जा."

मग नळी आली.
पारदर्शक, बारा मीटर, दोन्ही टोकांना खुणांच्या काठ्या.
तिच्यात भरायला पाणी लागतं दोन लिटर.
ते कोणत्या गावानं द्यायचं यात अर्धा तास गेला.
शेवटी रेडिएटरसाठी ठेवलेल्या कॅनमधून मी दिलं.
अहवालात हे कुठेच नाही,
म्हणून सांगतो.

एक काठी तेनेच्या हातात,
दुसरी हामाच्या. हामा फुलानी, गाईंचा माणूस.
तीन वर्षांमागे त्याच्या गाई तिच्या चवळीत शिरल्या,
तिनं एक कोंडून ठेवली, ती तिथेच व्याली,
आणि वासरू कुणाचं यावरून बोलणं तुटलं.
आता बारा मीटर अंतरावर दोघं उभे,
मधे लोंबती नळी.
"थोडं वर."
"जरा खाली."
"बस."
दोन्हीकडे पाणी एकाच खुणेवर ठरलं
की टाचेनं जमिनीत खूण, आणि पुढचं पाऊल.
तीन वर्षांत एवढे शब्द झाले नव्हते.

उन्हं डोक्यावर येईतो रेघ निघाली
शेतातून, हद्दीतून, एका कबरीला वळसा घालून,
आणि जाऊन पडली गुरांच्या वाटेवर आडवी.
हामानं काठी खाली ठेवली.
"माझी शंभर जनावरं दगडांवरून उड्या मारणार नाहीत."
"फट ठेवलीस तर पाणी तिथूनच येईल,"
तेने म्हणाली, "कसं येतं ते मला विचार."

चारही वह्या मिटल्या. कुणी फोन काढला.
रेंज नव्हती.

दगड उतरवणारी पूगबिला, चौदा-पंधराची,
हमालीत धरलेली, बैठकीत नाही,
धुळीत बसली आणि दोन्ही हात
जमिनीवर आडवे टेकले:
एक थोडा वर, एक थोडा खाली,
बोटं एकमेकांच्या पुढे गेलेली,
पण न लागता.
"गाय इथून शिरेल, वळेल, तिथून निघेल.
पाणी येईल सरळ. त्याला हा हात अडवेल,
वरून निसटलं तर हा."

सगळे त्या दोन हातांकडे बघत राहिले.
पाटीवरच्या हातांसारखे नव्हते ते.
मधे जागा होती.

हामा उठला, काठी आडवी धरून
त्या जागेची रुंदी मोजली: दोन गाई, शिंगांसकट.
"तीन कर," तो म्हणाला.
"अडीच," तेने म्हणाली.

संध्याकाळी मी माझं पाणी परत मागितलं.
तेनेनं नळीचं एक टोक कॅनमध्ये सोडलं, दुसरं उंच धरलं.
अर्धं आलं. उरलेलं हामाच्या ओंजळीत,
आणि तिथून एका काळ्या कालवडीच्या तोंडात.
ती तीच होती का, मी विचारलं नाही.

टेकडीच्या चढावर इंजिन तापलं.
कॅन रिकामा केला, बॉनेट उघडं टाकलं,
आणि वाफ विरेपर्यंत बोटांवर हिशेब केला:
अजून सोळा खेपा.
वळणासाठी दोन जास्तीच्या.
त्यांचं डिझेल कुणाच्या खात्यात, ते गुरुवारी बघू.